गोचीड कुत्र्यावर, पिसवा बंद खोलीत: वेंगुर्ले तालुक्यातल्या एका घराचं प्रकरण

पार्श्वभूमी

वेंगुर्ले तालुक्यातल्या एका वाडीतलं कौलारू घर. भिंती जांभ्याच्या, बाहेरून गिलावा नसलेल्या. पुढे पडवी आणि खळं, मागे गोठा, बाजूला नारळ-पोफळीचं आगर आणि त्याच्या वर काजूची बाग. वर्षभर घरात असतात त्या सत्तरीतल्या काकी आणि त्यांचा धाकटा मुलगा. थोरला मुंबईला. त्याची खोली गणपती, शिमगा आणि मे महिना सोडला तर बंदच असते. (माणसांची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

घरात चार वर्षांचा एक गावठी कुत्रा आहे, वजन १६ किलो. दिवसा तो पडवीच्या खांबाला बांधलेला असतो, रात्री मोकळा. एक मांजर आहे, ३ किलोची, आपल्या मर्जीने येणारी-जाणारी. गोठ्यात दोन गाई. आषाढ संपता संपता ही मांजर कौलांच्या फटीतून बंद खोलीत उतरली आणि कोपऱ्यात रचलेल्या गाद्यांवर तिने चार पिल्लं घातली. चतुर्थीला तीन दिवस उरले असताना थोरल्याचं कुटुंब आलं, खोली उघडली, तेव्हा घरच्यांना हे कळलं. पिल्लं तेव्हा साधारण पाच आठवड्यांची होती. त्यांना उचलून पडवीत ठेवलं, खोली झाडली आणि त्याच गाद्या अंथरल्या.

अडचण

पहिल्याच संध्याकाळी आठ वर्षांच्या नातवाच्या पायांवर लाल गांधी उठल्या. सगळ्या घोटा ते गुडघा एवढ्याच भागात, काही ठिकाणी तीन-तीन एका ओळीत. दुसऱ्या दिवशी त्या खोलीत झोपलेल्या चौघांनाही तेच झालं. माजघरात झोपणाऱ्या काकींना एकही गांधी नव्हती. या प्रकरणातला सगळ्यात मोलाचा धागा तो होता, पण गणपतीच्या गडबडीत कुणी तो पकडला नाही.

सगळ्यांचं लक्ष कुत्र्याकडे गेलं, कारण त्याच्यावरचं डोळ्यांना दिसत होतं. कानाच्या पाळीत, मानेखाली आणि पायाच्या बोटांच्या बेचक्यांत एरंडाच्या बियांसारख्या फुगलेल्या करड्या गोचिडी होत्या. दोन दिवस तो नीट जेवतही नव्हता. गाईंच्या कासेजवळही गोचिडी होत्या. त्यावरून घरच्यांनी साखळी जुळवली: गाईची गोचीड कुत्र्यावर, कुत्र्याची माणसांवर.

साखळी पटण्यासारखी होती, पण तिचा एकही दुवा खरा नव्हता. आपल्याकडे गाईवर जी गोचीड सर्रास आढळते ती पिल्लू असल्यापासून पूर्ण वाढ होईपर्यंत त्याच गाईवर राहते आणि फक्त अंडी घालायला खाली उतरते. कुत्र्याकडे ती सहसा जात नाही. कुत्र्याची तपकिरी गोचीड ही वेगळी जात आहे. ती प्रत्येक अवस्थेत रक्त पिऊन खाली पडते, भिंत चढते, फटीत कात टाकते आणि पुन्हा कुत्राच शोधते. आणि गोचीड माणसाला लागली, तर ती कातडीत तोंड रुतवून दिवसचे दिवस चिकटून राहते. गुडघ्याखाली ओळीने गांधी उठवणं हे तिचं काम नव्हे. तशा गांधी जमिनीवरून उडी मारणाऱ्या पिसवा उठवतात.

पहिला निर्णय आणि त्याची किंमत

चतुर्थीच्या आदल्या संध्याकाळी धाकट्या मुलाने गाईंसाठी आणून ठेवलेलं डेल्टामेथ्रीन हे गोचिडींचं औषध अंदाजाने बुचभर बादलीत ओतलं आणि कुत्र्याला आंघोळ घातली. कुत्र्याला त्याने फारसं काही झालं नाही. पण ओला कुत्रा गोणपाटावर लोळला, आणि रात्री मांजर पिल्लांना घेऊन त्याच गोणपाटावर झोपली. अंगाला लागलेलं औषध तिने चाटलं. पहाटे तिच्या तोंडातून लाळ गळत होती, कान फडफडत होते आणि सगळं अंग थरथरत होतं.

डेल्टामेथ्रीन आणि परमेथ्रीन ही एकाच कुळातली कीटकनाशकं. हे विष निकामी करण्याची यकृतातली क्षमता मांजरात फार कमी असते. त्यामुळे कुत्र्याला सोसणारी मात्रा मांजराच्या जिवावर बेतू शकते. ते औषध थेट मांजरावर टाकायचीही गरज नसते, औषध लावलेला कुत्रा ओला असताना त्याला बिलगून झोपणं पुरतं.

मांजर त्याच सकाळी पशुवैद्यांकडे नेली, म्हणून वाचली. कोमट पाण्यात भांडी घासायच्या सौम्य द्रवसाबणाने तिला दोनदा धुतलं, अंग गार पडू नये म्हणून गुंडाळून ठेवलं, स्नायू सैल करणारं इंजेक्शन आणि सलाईन दिलं. थरथर थांबायला दीड दिवस लागला. तोवर पिल्लांना मांजरांच्या पिल्लांसाठीची दूधपावडर पाजली. गाईचं दूध त्यांना बाधतं आणि हगवण लागली तर एवढी लहान पिल्लं तासांत सुकतात.

मांजर धुताना टेबलावरचं पाणी तांबूस झालं, आणि इथे प्रकरणाने वळण घेतलं. पशुवैद्यांनी विचारलं, मांजर खाजवते का? काकी म्हणाल्या, "मांजराक काय्येक नाय. तां दिसभर आपल्या अंगाक चाटीत असता."

"काकी, खाज सुटली की मांजर चाटतंच. चाटता चाटता पिसवा गिळून टाकतं, म्हणून त्या तुम्हाला दिसत नाहीत."

समोर असलेले पर्याय

घरच्यांच्या मनात चार गोष्टी होत्या. कुत्र्याला मांगराकडे, म्हणजे बागेतल्या झोपडीकडे, नेऊन बांधायचं. सगळ्या जनावरांना आयव्हरमेक्टिन या जंत-किड्यांवरच्या औषधाची सुई द्यायची. घरभर फवारणी करायची. किंवा कडुलिंबाच्या पाल्याची धुरी देऊन वर फिनेल मारायचं.

कुत्रा हलवला तर जांभ्याच्या भिंतीतल्या गोचिडी तशाच राहिल्या असत्या. तपकिरी गोचिडीची पूर्ण वाढ झालेली मादी अन्नाशिवाय कित्येक महिने तग धरते. कुत्रा परतेपर्यंत ती तिथेच थांबली असती. सुईचा पर्याय मोहात पाडणारा असतो, कारण स्वस्त आणि एकदाचं काम. पण पिसवांवर आयव्हरमेक्टिनचा भरवसा नाही, आणि पाच आठवड्यांच्या पिल्लांना मात्रा चुकली तर मेंदूवर परिणाम होतो. घरभर आंधळी फवारणी म्हणजे नुकत्याच सावरलेल्या मांजरीला पुन्हा त्याच विषाच्या तोंडी देणं. धुरीने डास पांगतात, कोषातल्या पिसवेला तिची धग लागत नाही. फिनेल तर मांजराच्या घरात नकोच. पंजांना लागलेलं ते चाटतं, आणि तेही त्याच्या यकृताला झेपत नाही.

पाचवा पर्याय पशुवैद्यांनी मांडला: आधी प्रत्येक जनावरावर नेमकं काय आहे ते बघू, मग औषध ठरवू. घरात चाकरमानी, दारात गणपती, आणि डॉक्टर म्हणतात एक दिवस थांबा. काकींनी थांबायचं ठरवलं, आणि पुढचं सगळं त्यामुळे सुकर झालं.

ओळख कशी पटवली

साहित्य साधंच: लिखा काढायची बारीक दातांची फणी, पांढरा टिपकागद, काळा कागद, कापसाची काडी, पारदर्शक चिकटपट्टी, बारीक चिमटा आणि स्पिरिट भरलेली बुचाची बाटली. दवाखान्यात सूक्ष्मदर्शक होता, पण निम्मी ओळख त्याच्याआधीच पटली.

मांजरीपासून सुरुवात केली. शेपटीच्या मुळाशी आणि मानेवर फणी कातडीला टेकवून फिरवली आणि निघालेला कचरा ओल्या टिपकागदावर झटकला. मिरपुडीसारखे काळे कण मिनिटभरात विरघळले आणि भोवती तांबूस डाग पसरले. ही पिसवांची विष्ठा, म्हणजे पचलेलं रक्त. साधी धूळ किंवा माती असती तर कागद मातकट झाला असता, तांबडा नाही. दोन जिवंत पिसवाही सापडल्या: दोन-तीन मिलिमीटरच्या, तपकिरी, दोन्ही बाजूंनी दाबल्यासारख्या चपट्या, बिनपंखी. गोचीड वरून चपटी असते आणि सावकाश चालते. पिसू उभी चपटी असते आणि केसांतून सुळकन पळते. एवढा फरक लक्षात ठेवला तरी घरी गल्लत होत नाही.

केसांना चिकटलेले पांढरे ठिपके दिसले की उवा की कोंडा हा प्रश्न पडतो. कोंडा फुंकरीने उडतो, लीख केसाला डकवलेली असते आणि ओढूनच निघते. इथे लिखा नव्हत्या. दमट, उष्ण मुलखातल्या मांजरांत केसांना धरून राहणारा एक अतिसूक्ष्म किडाही असतो. त्याने अंगावर मीठ-मिरी भुरभुरल्यासारखं दिसतं. तो फणीला लागतोच असं नाही, म्हणून पाठीवर आणि मांड्यांच्या मागे चिकटपट्टी दाबून ती सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. तोही नव्हता.

कान मात्र बोलले. मांजरीच्या दोन्ही कानांत कॉफीच्या चोथ्यासारखा कोरडा काळा मळ होता. काडीने थोडा काढून काळ्या कागदावर पसरला आणि दिव्याखाली धरला. पांढरे ठिपके हलताना दिसले. हे कानातले किडे. मळ चिकट, पिवळट आणि उग्र वासाचा असता तर जंतू किंवा बुरशीचा संशय आधी घेतला असता. आणि खपल्या कानाच्या आत नसून पाळीच्या कडेवर आणि कपाळावर असत्या, तर ती मांजरांची खरूज ठरली असती आणि कातडी खरवडून तपासावी लागली असती.

पिल्लांपैकी तिघांच्या हिरड्या गुलाबी होत्या, चौथ्याच्या पांढुरक्या. पाचशे ग्रॅमच्या पिल्लाच्या अंगात रक्त ते किती! पिसवांनी तेवढं पिऊन पिल्लू मरू शकतं. त्यामुळे उपचारांच्या यादीत हे पिल्लू सगळ्यांत वर गेलं.

मग कुत्रा. त्याच्या अंगावर पिसवा मोजक्या, गोचिडी मुबलक. चिमटा कातडीला टेकवून, गोचीड तोंडाजवळ पकडून, न पिळता सरळ वर ओढून पाच-सहा काढल्या आणि बाटलीत टाकल्या. रॉकेल लावणं, चटका देणं यामुळे गोचीड पोटातला ऐवज उलट कातडीत ओकते आणि आजाराचा धोका वाढतो. बोटांनी चिरडणंही टाळायचं. बाटलीतल्या गोचिडी भिंगाखाली धरल्या. तोंडाचा पाया षटकोनी, पाठ तपकिरी, तिच्यावर नक्षी नाही. म्हणजे कुत्र्याची तपकिरी गोचीड. सहा पायांची बारकी पिल्लंही मिळाली. ती आणि आठ पायांच्या मोठ्या गोचिडी एकत्र मिळणं म्हणजे पैदास बाहेर कुठे नाही, घरातच चालली आहे.

थोरल्या मुलाने विचारलं, "डॉक्टर, ही माकडतापाची गोचीड तर नाही ना?" सिंधुदुर्गात हा प्रश्न रास्त आहे. हा आजार १९५७ साली कर्नाटकात शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूरच्या जंगलात ओळखला गेला आणि २०१६ साली दोडामार्ग तालुक्यात त्याची साथ आली. तो प्रामुख्याने पसरवते ती रानातली वेगळी गोचीड. भिंगाखाली तिच्या तोंडाजवळच्या मिशा बाजूला टोकदार बाहेर आलेल्या दिसतात. या बाटलीत तशी एकही नव्हती. पण कुत्रा काजूच्या बागेत फिरतो. रानातल्या गोचिडींची बारीक पिल्लं हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत जास्त असतात, तेव्हा बागेतून आल्यावर त्याचं अंग तपासायचं आणि नेहमीपेक्षा वेगळी दिसणारी गोचीड स्पिरिटमध्ये ठेवून दाखवायची, असं ठरलं.

कुत्र्याला ताप १०४ अंश होता. नाक कोरडं, डोळ्यांच्या पांढऱ्या भागावर रक्ताचे बारीक ठिपके. रक्त तपासलं तर प्लेटलेट ४८ हजार. कुत्र्यात त्या साधारण दोन लाखांच्या वर हव्यात. संशय गोचीडतापाचा होता, म्हणजे गोचीड चावल्याने रक्तात शिरणाऱ्या जंतूंचा. रक्ताच्या काचपट्टीवर जंतू दिसले नाहीत, पण या आजारात ते पुष्कळदा दिसतच नाहीत. गोचीड, ताप आणि पडलेल्या प्लेटलेट यांवरून गोचीडताप धरून उपचार करायचं ठरलं.

काय केलं

कुत्र्याला आधी कधी झटके आले होते का, हे विचारून घेतलं. नाही म्हटल्यावर फ्लुरालानेरची ५०० मिलिग्रॅमची गोळी जेवणासोबत दिली. तिचा परिणाम बारा आठवडे टिकतो. गोळी रक्तातून काम करते, म्हणून गोचीड आधी चावते आणि मग मरते. पुढे चार दिवसांनी कानात एक गोचीड दिसली तेव्हा घरच्यांना औषध वाया गेलं असं वाटलं. ती सुकून मेलेली होती. तापासाठी डॉक्सीसायक्लिन, किलोला १० मिलिग्रॅम, रोज, २८ दिवस, गोळीवर पाणी पाजून. गोळी घशात अडकली तर अन्ननलिका भाजते.

मांजरीला लगेच काही लावलं नाही. ती पाच दिवस नीट जेवू लागल्यावर मानेच्या मागे, तिला चाटता येणार नाही अशा जागी, सेलामेक्टिनचे ४५ मिलिग्रॅमचे थेंब टाकले. पिसवा आणि कानातले किडे दोन्हींवर ते चालतं आणि दूध पाजणाऱ्या मांजरीलाही देता येतं. महिन्याने दुसरा डोस ठरवला. पिल्लांना औषध नाही. रोज दोनदा फणी, फणी साबणाच्या पाण्यात बुडवायची, आणि अशक्त पिल्लाला दूधपावडर जास्त.

खरी मेहनत खोलीची होती. पिसवेची अंडी केसांना चिकटत नाहीत, जनावर जिथे झोपतं तिथे गळतात. अळ्या उजेड टाळतात आणि मोठ्या पिसवांची विष्ठा खातात. त्यांना दमट हवा लागते, आणि श्रावण-भाद्रपदात कोकणात ती मागावी लागत नाही. शेवटी कोष होतो. तो चिकट असतो, त्याला कचरा चिकटतो, आणि फवारणी आत शिरत नाही. आतली पिसू कित्येक महिने थांबते आणि पावलांचा हादरा, ऊब, श्वास जाणवला की बाहेर उडी मारते. बंद खोली उघडली त्याच संध्याकाळी पोराचे पाय का फोडले गेले, ते यातून कळतं.

ज्या गादीवर मांजर व्याली होती ती जाळली. बाकीच्यांच्या खोळी, चादरी कढत पाण्यात भिजवून धुतल्या. गाद्या उन्हात घाला असं कुणीही सांगतं, पण भाद्रपदात ऊन कुठून आणायचं? म्हणून त्या प्लॅस्टिकच्या जाड पिशव्यांत बांधून ठेवल्या आणि ऑक्टोबरच्या उन्हात ताडपत्रीवर तीन दिवस वाळवल्या. खोली रोज झाडायची, कोपरे आणि जमिनीच्या भेगा खास, आणि कचरा लगेच जाळायचा. रात्री जमिनीवर दिवा आणि त्याखाली साबणाचं पाणी घातलेलं पांढरं ताट ठेवायचं. पिसवा उजेडाकडे उडी घेतात आणि बुडतात. सकाळी मोजून कॅलेंडरवर आकडा लिहायचा.

पडवीत खांबामागच्या जांभ्याच्या भोकांत तपकिरी अंड्यांचे पुंजके सापडले. एक मादी हजारो अंडी घालते. भोकं आधी तारेने खरवडली, मग सिमेंट-चुन्याच्या पातळ गिलाव्याने कुत्र्याच्या जागेपासून माणसाच्या उंचीएवढी भिंत बुजवली. गोणपाट जाळलं. नुसता चुना फासून भागत नाही, भोकं तशीच उरतात.

परिणाम

पहिल्या रात्री ताटात ३१ पिसवा, आठव्या रात्री ६. गांधी थांबल्या. मग तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी आकडा पुन्हा १९. "डॉक्टर, औषध लागू पडलं नाही. काहीतरी जहाल द्या," असा धाकट्याचा फोन आला. हा दुसरा नाजूक क्षण. जुने कोष फुटत होते, नवी पैदास होत नव्हती, कारण मांजर आणि कुत्रा दोघांच्या अंगावर पिसू जगत नव्हती. फणी फिरवून पाहिली, तांबूस डाग नव्हते. जहाल काही दिलं नाही.

तिसरा निर्णय थोरल्याच्या कुटुंबाने परत निघताना घेतला. रीतीप्रमाणे खोलीला कुलूप लागणार होतं. तसं झालं असतं तर उरलेले कोष शिमग्यापर्यंत वाट बघत बसले असते. खोली उघडी ठेवली, काकी दुपारी तिथेच सुपारी कातरायला बसू लागल्या, आणि कौलांची फट जाळीने बंद केली. सहाव्या आठवड्यापासून ताट रिकामं राहिलं. दिवाळीत पांढरे मोजे घालून दहा मिनिटं खोलीत फिरून पाहिलं, मोज्यांवर काही नव्हतं.

कुत्र्याचा ताप तिसऱ्या दिवशी उतरला, महिन्याने प्लेटलेट २ लाख १० हजार. मांजरीचे कान दुसऱ्या डोसनंतर स्वच्छ झाले. अशक्त पिल्लू जगलं. मोठ्या तीन पिल्लांपैकी एकाच्या विष्ठेत तांदळाच्या दाण्यासारखे तुकडे दिसले. पिसू गिळल्याने होणारा हा फीतकृमी. त्याचं औषध वेगळं द्यावं लागलं.

वेगळं काय करता आलं असतं

कोण कुठे झोपतं आणि कुणाला गांधी उठतात हे पहिल्याच दिवशी एका कागदावर लिहिलं असतं, तर बोट कुत्र्याकडे न जाता खोलीकडे गेलं असतं. गाईचं औषध हाताशी आहे म्हणून वापरलं गेलं. ते गोठ्यात कुलपात, लेबलासकट असायला हवं होतं.

कुत्रा दोन दिवस जेवत नव्हता, तरी त्याचा ताप मांजरीच्या निमित्तानेच मोजला गेला. गोचिडी आणि अन्न टाकणं एकत्र दिसलं की त्याच दिवशी थर्मामीटर लावायला हवा होता. प्लेटलेट आणखी पडल्या असत्या तर नाकातून रक्त सुरू झालं असतं.

पशुवैद्यांच्या बाजूनेही एक राहिलं. कोष तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात फुटतील आणि पिसवा एकदा पुन्हा दिसतील, हे घरच्यांना पहिल्याच दिवशी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर १९ हा आकडा बघून कुणी घाबरलं नसतं.

शेजारच्या दोन घरांतले कुत्रे याच गडग्यावरून येतात-जातात, आणि त्यांच्यावर अजून उपचार झालेले नाहीत. कुत्र्याची पुढची गोळी मार्गशीर्षात आहे. पडवीतल्या भिंतीचा गोठ्याकडचा भाग तेवढा गिलाव्याविना उरला आहे. तिथे दर रविवारी विजेरी घेऊन बघायचं काम धाकट्याकडे आहे.